विमलताईंचे कागद

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो. चार म्हातारे एका बाकावर बसवायचे, त्यांची मुलं कामाला पाठवायची आणि मध्ये शेंगदाण्याची पुडी ठेवायची. आठ दिवसांत पोतं भरतं! आमचा बाक अमेरिकेत, फ्रीमाँटला तळ्याकाठी आहे. तिथले किस्से पुष्कळ, पण या वर्षीचे सगळे एकाच पाकिटाभोवती जमले, म्हणून तेच सांगतो.

बाकावर मुख्य माणसं तीन. देवधर सर, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांना सगळं माहीत असतं. विमलताई, साताऱ्याच्या, वय चौऱ्याहत्तर, मुलाकडे आलेल्या. आणि मी. मला सगळे तात्या म्हणतात. मीही शाळेतच नोकरी केली, पण घंटेपाशी. मी घंटा द्यायचो, शिकायचे दुसरे.

* * *

विमलताईंचा समीर आईची फार काळजी घेतो. पासपोर्ट हरवू नये म्हणून त्यानं तो स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवला. थंडी बाधू नये म्हणून बाहेर जायचं तर विचारून. एकदा पाहुण्यांसमोर त्या काहीतरी बोलल्या, तर दंडाला धरून त्यांना खोलीत नेऊन बसवलं. इतक्या मायेनं, की पाची बोटं उमटली!

एक दिवस देवधर सर त्यांना काही विचारत होते आणि त्या नुसत्या हसत होत्या. कानात मशीन नव्हतं.

"मशीन कुठंय?" सर ओरडले.

"समीरनं चार्जिंगला लावलंय."

"कधीपासून?"

"झाले तीन आठवडे."

"तीन आठवडे! त्यावर गाडी चालवणार आहे का तो?"

विमलताई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मशीन समीरच्या ड्रॉवरमध्ये होतं. कानातून काढून घेताना तो म्हणाला होता, "आई, तुला माझं ऐकायचंच नसतं ना? मग मशीन कशाला हवंय?"

त्याच संध्याकाळी देवधर सरांची मुलगी विमलताईंना आपल्या घरी घेऊन आली. दोन साड्या आणि जपाची माळ. बाकी सगळं कुलपात.

* * *

कोर्टात अर्ज भरायला मदत करणारी एक खिडकी असते. तिथं अनिका नावाची मुलगी भेटली. जन्म इथला, मराठी आजीकडून शिकलेली. पण मशीन नसल्यामुळे बिचारीला एकेक प्रश्न ओरडून विचारावा लागला.

"तो तुम्हाला मारतो?"

"तो तुम्हाला कोंडतो?"

घरातला खाजगी मामला, दोन मजल्यांनी ऐकला! मराठी एकालाही येत नव्हतं, पण रांगेतल्या एका बाईनं विमलताईंना स्वतःची खुर्ची दिली.

"आजी, त्यानं तुमच्यापासून शंभर यार्ड लांब राहायचं, असं लिहू?"

"म्हणजे केवढं ते?"

"मोठं ग्राउंड असतं ना, तेवढं."

विमलताईंनी बराच विचार केला. "मग त्याला सकाळचा डबा कोण देणार?"

अनिकानं पेन खाली ठेवलं, डोळे पुसले आणि पुन्हा उचललं. "डबासुद्धा शंभर यार्ड लांब, आजी!"

* * *

जजनं तात्पुरता हुकूम दिला. समीरनं लांब राहायचं. मशीन आणि पासपोर्ट परत करायचा. आम्ही पेढे आणायलाच निघालो होतो, तेवढ्यात अनिका म्हणाली, "थांबा. हे कागद त्याच्या हातात पडले तरच हुकूम चालू होतो. कोर्टाच्या पुढच्या तारखेच्या पाच दिवस आधी पडले पाहिजेत."

म्हणजे हुकूम आहे, पण पाकिटात. पाकीट आमच्याकडे आणि मशीन ड्रॉवरमध्ये!

पहिल्यांदा शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, ऑफिसातला माणूस कागद घेऊन गेला. दोनदा गेला. दाराच्या बेलमध्ये कॅमेरा असतो, त्यातून बोलताही येतं. त्यानं बेल वाजवली, तर बेलमधून समीरचा आवाज आला, "सॉरी, देअर इज नोबडी होम!"

पुष्कळ घरं पाहिली. आपण रिकामं आहोत असं सांगणारं घर पहिल्यांदाच.

* * *

मग कळलं की विमलताई सोडून कोणीही अठरा वर्षांवरचा माणूस कागद देऊ शकतो. देवधर सर म्हणाले, "मी देतो. मी इन्स्पेक्टर लोकांना तोंड दिलंय."

सर गेले. दार सूनबाईनं उघडलं. "या ना सर! समीर मीटिंगमध्ये आहे, बसा."

सर बसले. चहा आला, पोहे आले. आतल्या खोलीत मीटिंग खोकत होती. तासाभरानं सर उठले, तेव्हा सूनबाईनं हातात पिशवी ठेवली.

बाकावर आम्ही वाट बघत होतो. सरांनी पिशवीतून पाकीट काढलं, तसंच्या तसं. मग चिवड्याचा डबा काढला.

"सर, हाक तरी मारायचीत त्याला!"

"तात्या, पोह्यांवर ओलं खोबरं होतं हो. अशा घरात कोर्टाचं नाव कसं काढायचं?"

चिवडा बरा होता. मीठ जरा जास्त.

* * *

मग पाकीट माझ्याकडे आलं. अनिकानं मला एक इंग्रजी वाक्य शिकवलं, कारण देताना सांगावं लागतं. "दीज आर कोर्ट पेपर्स." मी चार दिवस तळ्याला फेऱ्या मारत घोकलं. बदकांनाही ते पाठ झालं असेल.

तसं मला हे काम नवीन नाही. नोटीसवही वर्गावर्गात फिरवण्यात माझा जन्म गेला. मास्तर सही करायचे, मी पुढच्या वर्गात. आत काय लिहिलंय, कधी विचारलं नाही.

सकाळी समीरच्या घरासमोर उभा राहिलो. घाई नव्हती. दीड तासानं दार उघडलं. कचऱ्याचा डबा ओढत समीर! तो आत, मी बाहेर, मध्ये वीतभर अंतर. पाकीट हातात होतं. हात पुढं केला की झालं.

पण मध्ये उंबरा होता. उंबऱ्यावर देवाणघेवाण करू नये, असं आई सांगायची. मी म्हणालो, "बाळ, जरा बाहेर ये. द्यायचंय काहीतरी."

त्यानं पाकिटाकडे बघितलं. "काका, आय हॅव अ कॉल!" आणि दार लावलं. कचऱ्याचा डबासुद्धा आत घेतला!

देवधर सर कपाळावर हात मारून म्हणाले, "तात्या, इथल्या घरांना उंबरा नसतो! पत्र्याची पट्टी असते ती!"

"सर, तुम्ही पोहे खायला जाताना तिच्यावर पाय दिलात का?"

विमलताईंना कानाशी ओरडून सगळा प्रकार सांगितला. त्यांनी माझा हात हातात घेतला. "बरं केलंत तात्या. उंबऱ्यावर दिलं की भांडणं होतात."

* * *

आता शेवटचा दिवस उरला, शनिवार. त्या दिवशी आपल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, ज्येष्ठांचा सत्कार. दरवर्षी एका म्हाताऱ्याला शाल आणि नारळ देतात. म्हातारा त्याच शालीत घाम पुसत घरी जातो. यंदाचा म्हातारा मी होतो, आणि सत्कार समितीचा प्रमुख कोण? समीर!

देवधर सर म्हणाले, "तो येणार नाही. तुमच्या हातात पाकीट बघितलंय त्यानं."

मी म्हणालो, "येईल. कार्डावर त्याचं नाव छापलंय."

आणि आला हो! तीनशे माणसांसमोर म्हाताऱ्याचा सत्कार करायला कोण घाबरतं? तिथं तर आपण सगळेच चांगले असतो.

समीर छान बोलला. जरीचा कुर्ता होता. म्हणाला, "ज्येष्ठ म्हणजे आपले वटवृक्ष! त्यांचा आवाज आपण ऐकला पाहिजे. वी मस्ट लिसन टू देम!" टाळ्या. पहिल्या रांगेत विमलताई बसल्या होत्या, देवधर सरांशेजारी. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मुलगा माइकवर दिसत होता ना.

मग त्यानं मला शाल पांघरली, नारळ दिला आणि नमस्काराला वाकला. फोटोवाला ओरडला, "वन मोअर! तसेच राहा!" समीर तसाच राहिला. मी नारळ टेबलावर ठेवला. उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि डाव्या हातानं शालीखालच्या खिशातलं पाकीट काढून उजव्या हातात घेतलं. डाव्या हातानं देऊ नये.

"घे बाळ," मी म्हणालो.

त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली, पाकीट घेतलं आणि कपाळाला लावलं. फ्लॅश पडला.

"दीज आर कोर्ट पेपर्स," मी म्हणालो. माइक जवळच होता.

मागच्या रांगांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगांनी एकमेकांकडे बघितलं. समीर पाकीट कपाळाशी धरून तसाच उभा.

तेवढ्यात विमलताईंनी देवधर सरांचा सदरा ओढला. "काय दिलं हो तात्यांनी त्याला?"

मशीन ड्रॉवरमध्ये होतं. सरांना ओरडावंच लागलं.

"कोर्टाचे कागद! तुमचे! तुमच्या कानाचं मशीन परत द्यायचा हुकूम!"

मागच्या टाळ्याही थांबल्या. विमलताई उठून उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, "बघा, कपाळाला लावून घेतले! मीच शिकवलंय हो त्याला, लहानपणी."