पायाखालचा पत्रा

बजाजनगरच्या भजनी मंडळात गळा नसलेला माणूस एकच होता, आणि तोच नसता तर मंडळ कुठेच पोहोचले नसते. त्याचे नाव कडुबा. उभे आयुष्य त्याने वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसपुढे काढले. निवृत्त होऊन घरी आला तेव्हा यंत्रांचा घणघणाट कानांत कायमचा मुक्कामाला आला होता. सूर त्याला उमगत नसे. टाळ हाती दिला तर ताल चुके. सगळे जग देवाला काहीतरी वाहते; आपण काय वाहावे, हा एकच विचार त्याला पोखरत असे. शेवटी त्याने एक जुनी व्हॅन घेतली, मंडळाचे वीणेकरी सांडूअण्णा यांच्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणाला, "अण्णा, मला गाता येत नाय. मी तुमाला नेत जाईन अन आनत जाईन. येवढं माझं गानं समजा."

अण्णांनी तसे मानले. देवानेही मानले असावे, असे कडुबाला वाटे. बिडकीनचा सप्ताह असो, दौलताबादच्या पायथ्याचे जागरण असो, पैठण रस्त्यावरच्या एखाद्या वस्तीवरचे काल्याचे कीर्तन असो, कडुबाची गाडी दारात उभी राही आणि मंडळ निघे.

पण ती गाडी! चढाला तिला दम लागे, उताराला ती किंचाळे, थंडीत रुसे, उन्हात तापे. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे चालवणारा जणू चुलीवरच बसलेला. आणि तिच्या पोटात बसलेली माणसे तरी कुठे तरणी होती? एकाला मोतीबिंदू, एकाला दमा, एकाला दर दोन गावांआड लघवीला उतरावे लागे. गाडी सुरू झाली की गाऱ्हाण्यांची दिंडी सुरू होई.

"माझे गुडघे लई बोलायलेत आज," पखवाज वाजवणारा कचरू पुढच्या सीटवरून म्हणे.

"तुझे गुडघे बोलायलेत, गाडीचे शॉकप बोलायलेत. आम्ही ऐकावं तरी कोनाचं?" मागून कुणीतरी म्हणे.

"गाडीला निदान पार्ट तरी भेटतेत. माझ्या गुडघ्याला करीम मेकॅनिक काय घालील?"

"ग्रीस!"

सगळी व्हॅन खोकत खोकत हसे. कडुबाही हसे. त्याला शुगर होती, पण ती गाऱ्हाणे करण्याजोगी वाटत नसे, कारण ती दुखत नव्हती. गोळ्या आठवल्या तर घेई. सप्ताहातली बुंदी नाकारणे म्हणजे प्रसाद नाकारणे, म्हणून तीही घेई.

त्या गाडीचा एक नेम होता. वीणा गाडीत आली की गाडीचे देऊळ होई. मग कुणाच्या पायात पायताण राहत नसे. सगळ्यांच्या चपला गोणपाटाच्या पिशवीत पडत आणि पिशवी टपावर बांधली जाई. देवळात पुजारी तेवढा चपला घालून कसा फिरेल? म्हणून कडुबाही अनवाणीच गाडी चालवी. उजवा पाय पेडलवर, आणि डावा, क्लचचे काम नसेल तेव्हा, खाली उघड्या पत्र्यावर.

तो पत्रा तापत असे. इंजिनची आच अडवणारा खालचा जाड थर कधीच कुजून गळून गेला होता. शहागंजकडचा मेकॅनिक करीम गाडीखालून सरपटत बाहेर आला की दर वेळी तेच सांगे, "मामू, नीचे का पॅड पूरा सड गया. पत्रा तवे जैसा तपता. ऐसा नक्को चलाओ, पाँव जलेगा."

"मला कुठं चटका बसतो, करीमभाई?"

"हौ, तुमको नहीं बैठता. मेरेको तो हाथ लगाए तो बैठता." करीम हात पुसत मान हलवी.

एका उन्हाळ्यात बिडकीनहून येताना कचरूचा पाय खाली टेकला आणि तो सीटवरच उडाला. "आयो! कडुबा, भट्टी हाय का ही?" त्याने वाकून पाहिले, तर कडुबाचा डावा तळवा त्याच पत्र्यावर निवांत टेकलेला. कचरूने मागे वळून साऱ्यांना सांगितले, "अण्णा, बघा हो! मला निमिषभर धरवना, अन हा गडी बिडकीनपासून पाय टेकून बसलाय. ह्याला काय म्हनावं?"

सांडूअण्णा डोळे मिटून वीणा छातीशी धरून बसले होते. ते हळूच म्हणाले, "ह्याला निष्ठा म्हनावं, कचरू. देह देवाला दिला की देहाला कशाचा चटका?"

हा शब्द कडुबाच्या काळजात जाऊन बसला. निष्ठा! ज्याला कधी कुणी "वा" म्हटले नव्हते, ज्याच्यासाठी कधी कुणी मान डोलावली नव्हती, त्याला साक्षात वीणेकऱ्याने निष्ठावंत म्हटले होते. पुढे प्रत्येक गावात कचरू ही गोष्ट सांगू लागला. कीर्तन संपल्यावर लोक कडुबाच्या पायांना हात लावू लागले. तो संकोचे, पाय मागे घेई. पण खोटे कशाला बोलावे, ते त्याला गोड लागे. आणि त्या गोडीतच, बाबांनो, विष कालवले जात होते; कारण कडुबाला चटका लागत नव्हता तो भक्तीने नव्हे. शुगरने त्याच्या तळव्यांतली जाणीव केव्हाच खाल्ली होती. जे मेले होते, त्यालाच सगळे जागे समजत होते.

हे प्रथम कळले ते त्याच्या बायकोला. पारूबाई एके सकाळी फरशी पुसत होती. मोरीपासून देवघरापर्यंत पिवळसर ओले ठसे उमटले होते, एकाआड एक, एकाच पायाचे. तिने ओल्या फडक्याला वास घेतला आणि ती ताडकन उठली.

"पाय दावा."

"भेग पडली आसंल गं."

"दावा म्हनते ना!"

तिने त्याचा डावा पाय मांडीवर घेऊन उलटा केला. अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढे भोक होते. कडा पांढऱ्या, मध्ये काळे. तिने बोटाने कडेला दाबले. "दुखतं?"

"नाय."

"आता?"

"नाय म्हनलं ना. दुखत नाय म्हंजी बरंच होत आसंल."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

कडुबाने पाय ओढून घेतला. मनात आजवर नसलेली एक भीती हलली होती. पण ती जखमेची नव्हती. डॉक्टर म्हणेल, गाडी बंद. मग मंडळाला कोण नेणार? आणि त्याहून खोल, त्याला स्वतःलाही न सांगता येणारे असे काहीतरी होते. ही जखम आजार ठरली, तर ती निष्ठाही आजारच ठरेल. मग त्याच्यापाशी उरले काय?

"पुढच्या आठवड्यात दौलताबादकडचा काला हाय," तो म्हणाला. "तेवढा हूं दे. मग तू म्हनशील तिथं येतो. तुला इठ्ठलाची आन, कोनाला सांगू नको."

"त्यो इठ्ठलबी इटंवर उभा हाय," पारूबाई कडाडली, "तापल्या पत्र्यावर नाय!" पण शपथ पडली होती. भोळी माणसे शपथेला जिवापेक्षा मोठी मानतात. तिने हळद भरली, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली, आणि रोज रात्री देवाशी भांडत राहिली.

काल्याच्या दिवशी कडुबाने पट्टीवर मोजा चढवला. चप्पल मात्र पिशवीतच गेली. अंग सकाळपासून तापलेले होते. काचेतून दिसणारा रस्ता मधेच पाण्यासारखा हले. दौलताबादचा किल्ला दिसू लागला आणि चढावर गाडीने मान टाकली. जळक्या क्लचचा वास सगळीकडे पसरला.

"उतरा, म्हाताऱ्यांनो," कचरू म्हणाला. "आता तिला आपल्या गुडघ्याची ताकद दावू."

एरवी ही चेष्टा लांबली असती. ते ढकलू लागले, दम्याचा माणूस खोकत खोकत, मोतीबिंदूवाला वाट चाचपत, आणि सांडूअण्णा रस्त्याच्या कडेला वीणा घेऊन उभे. आत कडुबा क्लच दाबू पाहत होता. पाय पेडलवर आहे की नाही, हेच त्याला कळेना. त्याने वाकून पाहिले. पाय पेडलवरच होता. मोजा रक्ताने आणि पुवाने पत्र्याला चिकटत होता, पेडलला चिकटत होता, आणि त्या पायाचा मालक दुरून कुणा परक्याचा पाय पाहावा तसा पाहत होता. त्या घडीला त्याला सगळे समजले. "हा पाय मेलाय," तो स्वतःशीच पुटपुटला. मग त्याचे डोके स्टिअरिंगवर टेकले, आणि हॉर्न वाजत राहिला. मागे ढकलणाऱ्यांना वाटले, गाडी चालू झाली. ते आनंदाने ओरडले.

त्याला काळीपिवळी जीपमध्ये घालून शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणले. तिथल्या सिस्टरने त्याला डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक कडक दोरा तळव्यांना ठिकठिकाणी टेकवला. "लागलं की सांगा, बाबा." कडुबा वाट पाहत राहिला. उजव्या पायाला दोनदा लागले. डाव्याला काहीच नाही. डोळे उघडले तेव्हा सिस्टरने केव्हाच दोरा डबीत ठेवला होता.

पायातली कुज गुडघ्याच्या दिशेने चढत होती. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, पण बोलले मायेने. "बाबा, गुडघ्याखाली कापावा लागेल. नाहीतर तुम्ही राहणार नाही."

"कापा," कडुबा म्हणाला. "पर क्लच दाबता यील येवढा ठिवा."

डॉक्टरांनी पारूबाईकडे पाहिले. पारूबाईने पदर तोंडात कोंबला होता.

पाय गेला. गाडी करीमने भंगारात काढून दिली. जाताना तिचा तो पुढचा पत्रा त्याने बोटांनी दाबून पाहिला आणि शिवी हासडली. कुणाला, ते त्यालाच ठाऊक. मंडळ आता भाड्याच्या जीपने जाऊ लागले. जीपवाला बूट घालून बसे आणि मोठ्याने सिनेमाची गाणी लावी. मंडळ मुकाट बसे. कडुबा घरी बाजेवर पडून राही. गल्लीच्या कोपऱ्यावरून भजन ऐकू आले की भिंतीकडे तोंड करी. रात्री त्याला नसलेल्या पायाचा अंगठा दुखे. पाय होता तेव्हा दुखला नाही. गेला आणि दुखू लागला! पारूबाई रिकाम्या चादरीवरून हात फिरवी. याहून क्रूर थट्टा देवाने कुणाची केली असेल, असे त्याच्या मनात येई, आणि असे मनात आले म्हणून तो पुन्हा देवापुढेच रडे. जायचे तरी दुसऱ्या कुणाच्या दारी?

कचरू आला तो उंबऱ्यातच बसला. "मी गावोगाव सांगत हिंडलो रे, कडुबा. मला भाजलं, तुला भाजलं नाय. मला कळाया पायजे व्हतं."

"अन मला?" कडुबा म्हणाला. "माझाच पाय हुता ना?"

त्याने कोपरावर भार देऊन अंग उचलले. मग कडुबा म्हणाला, "येत्या एकादशीला मंडळ माझ्या घरी बसवा. सगळे या. पर भजनाच्या आधी माझं थोडं काम हाय."

एकादशीला मंडळ आले. दारात चपलांचा ढीग पडला. वीणा आली, टाळ आले, कचरूने पखवाजावर बोट फिरवले. कडुबा बाजेवर उशीला टेकून बसला होता. हातात नव्या केरसुणीची एक लांब काडी होती.

"आधी सगळ्यांनी पाय दावा," तो म्हणाला.

म्हातारे चपापले. वीणा मांडलेल्या खोलीत तळवे दाखवायचे? आजाऱ्यापुढे पाय करायचे? "आरं, पाप लागंल," एकजण म्हणाला.

"लागू द्या. ते माझ्या माथी."

कचरू पुढे झाला. त्याने डोळे मिटले. काडी टेकताच तो खिंकाळला, "आरं, गुदगुल्या करतो का काय!" खोलीत हसू पसरले. दम्याच्या माणसाला दोन ठिकाणी काडी टेकलेली कळलीच नाही. कडुबाने त्याला सांगितले, उद्याच्या उद्या शुगर तपासून घे. कुणी चेष्टा केली नाही. एकेक करून सारे येत गेले. ज्या हातांना कधी ताल धरता आला नाही, ते हात एका काडीच्या टोकावर इतके सावध झाले होते की खोलीत श्वास ऐकू येत होते.

शेवटी सांडूअण्णा उरले. त्यांनी वीणा हलकेच पाटावर ठेवली, बाजेवर बसले, आणि आपला वाळलेला पाय कडुबाच्या उरलेल्या पायाच्या मांडीवर ठेवला. कडुबाने आधी त्या पायाला नमस्कार केला.

"डोळे मिटा, अण्णा. लागलं की सांगा."

अण्णांनी डोळे मिटले. तोंडावर तीच जुनी शांती होती, जी पाहून गावे हात जोडत. कडुबाने काडी टाचेला टेकवली. मग तळव्याच्या मध्याला. मग अंगठ्याच्या बुडाशी. त्याने थोडी दाबली. मग आणखी दाबली. काडी वाकली. पारूबाई चुलीपाशी उभी होती, ती पुढे आली. कचरूचा हात पखवाजावरून खाली घसरला.

अण्णा डोळे मिटून, मंद हसत, वाट पाहत होते.

"लाव की रे आता, कडुबा," ते म्हणाले. "भजनाला उशीर व्हायलाय."