भट्टीसरांची मिठाची कांडी

खामगावच्या कॉलेजात भट्टीसरांशी आम्ही सहकारी खुणांनीच बोलायचो. त्यांची भट्टी चालू असली की टेबलाला टेकायचं नाही, दार आपटायचं नाही, पंखा तर नाहीच नाही. एकदा खुद्द प्राचार्य आले, तर सरांनी त्यांनाही दारातच अडवलं. "कांडी गोठून राह्यली, साहेब. चहा पिऊन या."

ही कांडी मिठाची. साध्या मिठात फ्लोराइड मिसळून नळीत वितळवायचं आणि ती नळी भट्टीतून अगदी संथ खाली सोडायची. नीट गोठलं तर दोन्हींचे स्फटिक शेजारी शेजारी, एकाच दिशेने वाढत जातात. मीठ ही नुसती तालीम; अशी एक अखंड कांडी ठरलेल्या मुदतीत दाखवली, की खऱ्या सिरॅमिकसाठी पुण्यातली मोठी भट्टी सरांना मिळणार होती. "इंजिनाच्या धगीत टिकते ते, मॅडम! फक्त दिशा बिघडली नाही पाह्यजे."

दिशा रोज बिघडायची, कारण वीज रोज जायची. भट्टी गार पडली की उरलेले स्फटिक वाटेल तसे आडवेतिडवे उगवायचे. सर मुकाट्याने नळी धुवायचे आणि माझंच डोकं फिरायचं. मुदत संपत आली तेव्हा मी वैतागून म्हटलं, "सबस्टेशनवरचा ऑपरेटर तुमचाच विद्यार्थी ना? सांगा की त्याला!" बरेच दिवस नाही नाही म्हणत त्यांनी एकदाचं सांगितलं.

त्या दुपारी वीज गेली नाही. कांडी निम्म्याहून जास्त गोठली. सर चक्क गुणगुणत होते. तेवढ्यात पिंपळगाव राजाहून त्यांच्या थोरल्या भावाचा फोन आला. बीटी कपाशीची बोंडं भरत होती, विहिरीत पाणी होतं आणि मोटार बंद. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "बापू, आमची लाईन तोडून खामगावले देऊन राह्यले म्हणे. काऊन बे?"

सरांनी भट्टीकडे पाहिलं आणि ऑपरेटरला फोन लावला. "दे तिकडं. हाव, आत्ताच."

"सर, थोडं तरी थांबा!"

"बोंडाले कसं सांगू थांब म्हणून?"

भट्टी विझली. तिकडे वीज आली आणि येताक्षणीच गावच्या ट्रान्सफॉर्मरची डीपी जळाली. मोटार फिरलीच नाही. चिडायचं तरी कोणावर, हे मला आजही कळत नाही.

मुदत टळली, पुण्याची भट्टी दुसऱ्याच कुणाला मिळाली. सरांनी कांडीचा उभा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बोलावलं. बारीक रेघा कशा शिस्तीत चालल्या होत्या! मी काप हळूच पुढे सरकवला. एका जागी रेघा तुटल्या आणि सगळा गुंता झाला.

"तिथं नका पाहू, मॅडम," सर म्हणाले. "तिथं दादाचा फोन आला."