काळ्या बीअरचं मटण

जावयाने सासुरवाडीला येऊन गॅसपाशी उभं राहायचं आणि सासूने बाजूला हात बांधून बघायचं, ही उलटी गंगा मी माझ्या घरात पाहिली. तोंडावर हसले. मनात काय होतं, ते मात्र आता लिहिते.

लेक आयर्लंडमध्ये नर्स आहे. तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न केलं आणि सगळं उरकल्यावर आम्हाला फोनवर कळवलं. त्या दिवसापासून तिचे बाबा तिच्याशी बोलले नाहीत. तिचा फोन आला की हे चपला घालून घराबाहेर पडायचे. ती समजायची, बाबांचा राग अजून गेला नाही. राग होताच. पण बाहेर जाऊन हे काय करायचे, ते मी तिला कधी सांगितलं नाही.

जन्मभर शहराबाहेरच्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम केलं, आजूबाजूला पिणाऱ्यांची कमी नव्हती, तरी या माणसाने कधी थेंब घेतला नव्हता. रिटायर होऊन वर्षभर घरी बसला, तेव्हाही नाही. लेकीच्या त्या फोननंतर मात्र प्यायला लागले. मग रोजचंच झालं. शर्टाला वास, उशीला वास, सकाळी बाथरूममध्ये ओकारी. फिनाईलची बाटली घेऊन ते धुणारी मीच. मला माझ्या नवऱ्याची शिसारी यायची, हे सरळच सांगते. शेवटी रक्ताची उलटी झाली, दवाखाना झाला, डॉक्टरांनी एका घोटाचीही मनाई केली. गेल्या दिवाळीपासून यांनी दारूला हात लावलेला नाही. लेकीला मी इतकंच सांगितलं होतं, की बाबांना कावीळ झाली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला तिकडे परमुलुखात कशाला जाळायचं?

यंदा थंडीत ती नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा आली. उंच, लालसर, लाजरा मुलगा. मला ‘आई’ म्हणायला शिकून आला होता. यांनी दारात त्याला नमस्कार केला, लेकीला ‘आली का’ म्हणाले आणि आत गेले. एवढं बोलले हेच मला खूप वाटलं. तिला नाही वाटलं.

शनिवारी ती मला म्हणाली, “आई, उद्याचं जेवण हा बनवणार हाय. त्याची आई बनवायची तसं. बाबा टेबलावर बसून आमच्यासंगं जेवले, त्याच्या हातचं खाल्लं, की मले बाकी काही नको. नाही खाल्लं, तर मी समजीन आमचं लग्न त्यायले कधीच पटणार नाही. मग मी पुन्हा येत नाही.”

मी म्हटलं, “खातीन ना. मटणच तर हाय.”

मटणच आहे, असं मला वाटलं होतं. तेवढ्यात जावयाने बॅगेतून स्वेटरमध्ये गुंडाळलेले काळे डबे काढले आणि लेकीने ते फ्रिजमध्ये दह्याच्या बाजूला उभे केले. बीअर. काळी. तिकडे मटण त्यातच शिजवतात म्हणे.  कोथिंबीर, दही, सायीची वाटी आणि मध्ये ती. त्या दिवशी दुपारी यांनी मला आवाज दिला आणि पाणी मागितलं. एरवी फ्रिजमधली बाटली स्वतः घेणारा माणूस. म्हणजे यांनी पाहिलं होतं.

मी लेकीला बाजूला घेतलं. “बाबांसाठी थोडं वेगळं काढ. त्याच्यात ते नको टाकू.”

“मग ते ‘पाय’च नाही होत, आई, त्यायचं मटणाचं मोठं पॅटिस. आणि दारू उडून जाते वं शिजताना. तुले सगळ्यातच शिवाशीव. नाकानं कांदे नको सोलू.”

दारू उडून जाते. वास कुठे उडतो? पण ते बोलले असते तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं, आणि पुढचं सगळं म्हणजे ‘तुझ्या लग्नापायी बाप प्यायला लागला’. ती थंडीतून एवढ्या लांबून आलेली, चेहरा उतरलेला. मी गप्प बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

रविवारचं मटण आमच्या घरी हे स्वतः करतात. घरामागे तीन विटांची चूल आहे, तिच्यावर. मटणाची भांडी वेगळी, ती मागच्या फळीवरच राहतात. खसखस, खोबरं, दगडफूल भाजून मी वाटून देते, पुढचं सगळं यांचं. घराच्या सैपाकघरात देवघर आहे, म्हणून मटण आत येत नाही. पण जावयाला ओव्हन लागणार होता आणि ओव्हनचा प्लग आतच. तेव्हा रविवारी सकाळी मटण आत आलं. मी देवांपुढे पडदा ओढून घेतला.

तो आंघोळीला गेला तशी मी मटणाची थैली उघडली. धुतलेलं नव्हतं. तिकडे धूत नाहीत, हे मला लेकीकडून कळलं होतं, आणि ऐकूनच अंगावर काटा आला होता. मी हळद चोळून स्वच्छ पाण्याने धुऊन काढलं, रक्ताचा थेंब ठेवला नाही. तो आला, पिवळ्याधमक ओल्या बोट्यांकडे बघत राहिला. मग एकेक बोटी कागदाने पुसत बसला. बाळाचं अंग पुसावं तसा. पुसून झालेल्या बोट्या मैद्यात लोळवल्या आणि लोण्यात टाकल्या. त्या लाल होईनात, पाणी सुटून चिकट लगदा व्हायला लागला. लेक माझ्याकडे बघत होती. मी कांदा चिरत होते.

तिखट नाही, आलं नाही, मसाल्याच्या नावाने घरून आणलेला कसलासा सुका पाला. वर गाजराचे तुकडे, जनावरापुढे टाकतात तेवढाले. चमच्याने चाखायचं आणि तोच चमचा परत पातेल्यात. मी एकदा दुसरा चमचा पुढे केला. त्याने तो हसून घेतला आणि थँक्यू म्हणून बाजूला ठेवला. मग डबा फोडला. फस्स करून फेस आला आणि ते काळं पाणी मटणात ओतलं.

करपलेल्या पोळीवर शिळं ताक ओतलं तर जो वास येईल, तो वास. आंबट, जळका, कडू. पातेलं तापलं तसा तो घरभर फिरायला लागला.  मी खिडक्या उघडल्या, उदबत्त्या लावल्या, आणि मग उदबत्ती आणि बीअर मिळून आणखीच घाण झाली. दोन तास ते शिजत होतं. त्यानंतर मैद्याची लोण्याने माखलेली जाड पोळी, तिचं झाकण, झाकणावर कच्चं अंडं. इतवारीच्या बाजारातून आणलेल्या केकच्या भांड्यात ते सगळं कोंबून ओव्हनमध्ये गेलं. कच्च्या अंड्याचा हात त्याने माझ्या पोळपाट पुसायच्या फडक्याला पुसला.

हे बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते. पान कधीचं तेच. मी जवळ जाऊन म्हटलं, “जरा बाहेर फिरून या ना.”

“कुठं जाऊ? बाहेर निघालो का कोपऱ्यावर ते दुकान दिसते. इथंच बसू दे मले.”

 हातातला पेपर फडफडत होता. तेव्हा मला त्या भांड्याची, त्या डब्यांची, त्या हसऱ्या मुलाची आणि सगळ्यांत जास्त माझ्या गप्प बसण्याची किळस आली. पण पानं मांडायची वेळ झाली होती.

आम्ही बसलो. जावयाने झाकण कापलं, वाफ निघाली. यांच्या ताटात मोठा तुकडा वाढला. यांनी वरची पोळी मोडली, तेवढी कोरडी बाजू तोंडात घातली, सावकाश चावली. खालच्या काळ्या रश्श्यात चमचा घातला, तो तोंडापर्यंत आणला आणि परत ताटात ठेवला.

“मीठ कमी?” जावयाने विचारलं. एवढं मराठी तो त्या दिवसासाठी शिकला होता.

हे मान हलवून नाही म्हणाले. लेकीचे डोळे भरले. “मीठ बरोबर हाय. जातीतला जावई असता ना बाबा, तर बोटं चाटून खाल्लं असतं तुम्ही.”

“तसं नाही, बेटा,” हे म्हणाले. दोन वर्षांनी तिला बेटा म्हणाले. “याच्यात दारू हाय. मले चालत नाही. मी पीत होतो. आता सोडली हाय.”

“तुम्ही?” तिला हसू येणार होतं, पण तिने माझ्याकडे बघितलं. नर्स आहे ती. कावीळ, रोडावलेले दंड, थरथरते हात, सगळं तिने एका नजरेत जोडलं असणार. “कधीपासून?”

 हे ताटाकडे बघत होते, म्हणून मीच म्हटलं, “रिटायर झाल्यावर. रिकामपण वं, दुसरं काय.”

“रिटायर तर बाबा माझ्या लग्नाच्या पहिलेच झाले होते. तेव्हा मी सुट्टीत इथंच होती, तेव्हा कुठं पीत होते?”

 हे उठले. मागचं दार उघडून चुलीपाशी जाऊन बसले. लेक तशीच बसून राहिली, खरकटा हात ताटावर धरून. मग तीही उठली. खिडकीतून मला दिसलं, ती त्यांच्या बाजूला जमिनीवर टेकली. हे काहीतरी सांगत होते. तिने पदरासारखी ओढणी तोंडाला लावली होती.

टेबलावर मी आणि जावई. त्याला काहीच कळलं नव्हतं. तो दाराकडे बघायचा, मग यांच्या ताटातल्या तुकड्याकडे, मग माझ्याकडे. खुर्ची मागे सरकवून तो उठायला लागला. आता हा मागे गेला असता, तर दोघंही डोळे पुसून गप्प झाले असते, आणि राहिलेलं पुन्हा राहिलंच असतं.

मी चमचा भरून घेतला आणि खाल्लं. कडू, गोडसर, पिठूळ. रात्री यांच्या तोंडाला यायचा तोच वास माझ्या तोंडात. मी ते गिळलं, आणखी एक चमचा घेतला. त्याच्याकडे बघून हसले. तो परत खुर्चीवर टेकला आणि माझा एकेक घास बघत बसला.

मी ताट संपवलं. मागे अजून दोघांचे आवाज येत होते. त्याने खूश होऊन वाढायला मोठा चमचा उचलला.

मी ताट पुढे केलं.