मनीची जात

तवा तिथं मी व्हते, माझी लेक शोभा व्हती, ज्यांच्याकडं मी धुनीभांडी करायची त्या बाई व्हत्या, आन पिशवीत आमची मनी मांजर व्हती. आज नातीनं पावडरचा डबा उघडला आन त्या वासानं मला तो दिवस आठवला.

शनिवार पेठेत एका हॉलात मांजरांचं प्रदर्शन व्हतं. पावडर लावलेली झुबकेदार मांजरं पिंजऱ्यात बसलेली, आन आयटीतली मानसं त्यांना विंचरत व्हती. आमची मनी धायरीच्या पत्र्याच्या खोलीतली. नवऱ्याची कंपनी बंद पडली, तवा पोत्यातली उरलेली जवारी तिनंच उंदरांपासून राखली. तिचं नाव द्यायचंच, म्हनून शोभानं हट्ट धरलेला.

टेबलावरच्या पोरीनं फॉर्म भरताना मान वर न करता विचारलं, "जात?"

मी सवयीनं आमची सांगितली.

"अहो मावशी, तुमची नाही, मांजराची."

मागची मानसं हसली. शोभा माझा पदर ओढून म्हनली, "आई, चल घरी."

तवर बाई पुढं आल्या. "घरगुती मांजरांचा गट आहे ना? त्यात लिहा. का आता मांजराचाही दाखला आणायचा?"

पोरीनं नाव लिवलं. मनीला बक्षीस नाय मिळालं, पर शोभा दिवसभर येनाऱ्या-जानाऱ्याला सांगत व्हती, "ही आमची मनी."

तवा मला माझ्या अडानीपनाची लाज वाटलेली. आता वाटतं, मला तोवर जातीबिगर कुनी दुसरं काय विचारलंच नव्हतं.

तुमी कुनाचा फॉर्म भरून घेत असाल, तर आधी नाव विचारा.