डब्यातली बारीक तार

फोन आला तेव्हा मी क्लासमधल्या मुलींकडून अलंकार घोटून घेत होते. पलीकडे शोभावहिनी होत्या, दत्तूभाऊंच्या पत्नी. "ताई, हे गेले," एवढंच म्हणाल्या. पेटी तशीच टाकून मी रिक्षाने मखमलाबाद गाठलं. द्राक्षांच्या छाटणीचे दिवस होते. सकाळी बागेत गेलेले दत्तूभाऊ दहाच्या सुमाराला बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत. त्याला आता सहा आठवडे झाले. त्या दिवशी जो तो त्यांच्या बागेबद्दल बोलत होता. कष्टाळू माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळं खरंच होतं, पण मी मनातून चिडले होते. नाशिकमध्ये या माणसासारखा बास गिटार कुणी वाजवला नाही, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हटलं नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे.

नव्वदच्या दशकात आमच्या ऑर्केस्ट्राची बरी चलती होती. गणपती, नवरात्र, लग्नाची रिसेप्शनं, गंगापूर रोडच्या सोसायट्यांची संमेलनं. मी गायची, आमचे मालक अण्णा निवेदन करायचे आणि उरलेल्या वेळात सगळ्यांवर ओरडायचे. मागे ड्रमच्या शेजारी, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, चार तारांचा लांब दांड्याचा बास गळ्यात अडकवून दत्तूभाऊ उभे असायचे. दिवसभर बागेत राबून आलेला माणूस, पण नखात मातीचा कण सापडायचा नाही. बास हे वाद्य मोठं बिनमानाचं. वाजतं तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, थांबलं की गाण्याखालचा पाटच कुणी काढून घेतल्यासारखं होतं. एकदा ओझरला एका आजोबांनी स्टेजजवळ येऊन विचारलं, "काय वं, तुमच्या गिटारीला दोन तारा कमी कशा? तुटल्या का काय?" दत्तूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "नाय बाबा, आमची ऐपत चारचीच." पुढचं गाणं मी हसू दाबत कसंबसं म्हटलं.

मग माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ निघाली, पण आवाजाचा वरचा मजलाच गेला. चार महिन्यांनी गायला बसले तर माझी पट्टी पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली उतरलेली. जी गाणी मी पांढरी चारमधून म्हणायची, ती आता पांढरी दोनमधून. गाणाऱ्या बाईला याचं काय वाटतं ते मी सांगत बसणार नाही. नवऱ्याची नोकरी होती, उपाशी मरणार नव्हते. पण स्टेजवरून उतरल्यावर मी कोण, हे मला ठाऊक नव्हतं. अण्णांनी गोड बोलून "थोडी विश्रांती घ्या" म्हटलं, तेव्हाच मला कळलं की दुसरी मुलगी बघून ठेवली आहे. शेवटी चांदवडच्या नवरात्रातल्या कार्यक्रमात मी गायचं, आणि जमलं तरच पुढे, असं ठरलं.

पंचवटीत अण्णांच्या हॉलवर पहिली तालीम झाली. कीबोर्डवाल्याने बटण दाबून पट्टी उतरवली, त्याचं काम झालं. अडकला तो बास. त्याची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की पांढरी तीन वाजते, त्याखाली स्वरच नाही. माझा सा तर पांढरी दोनवर. दत्तूभाऊंनी वरच्या सप्तकातला सा वाजवून वेळ भागवली, पण गाणं पोकळ वाटायला लागलं. मग त्यांनी चारही तारा पिळून सैल केल्या. स्वर मिळाला, पण ढिल्या पडलेल्या तारा दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटायला लागल्या आणि रिकामा डबा बडवल्यासारखा आवाज यायला लागला. अण्णा म्हणाले, "दत्तू, बास वाजवतोयस का पत्र्याचं शेड?" मी उठून पाणी प्यायला गेले. खरं म्हणजे रडायला गेले. परत आले तर दत्तूभाऊ बास पिशवीत घालत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, तुमी काळजी करू नका. तुमचा आवाज खाली आला, तर आमी बी खाली येऊ. तारीचं काम हे, तार बदलली का होईल."

नाशिकच्या दुकानात तेव्हा बासच्या तारांचा एकच सेट मिळायचा, नेहमीचा. दत्तूभाऊंनी पाच तारांच्या बासचा सेट मागवायला लावला. त्यातली सगळ्यात बारीक तार बाजूला ठेवायची आणि जाड चार आपल्या बासवर चढवायच्या, असा हिशोब. दुकानदाराला वाटलं, माणूस चुकतोय. तारा आल्या. जाड तार दांड्याच्या टोकाच्या खाचेत बसेना, म्हणून दत्तूभाऊंनी गोल कानशीने खाच थोडी थोडी घासून रुंद केली. इथवर सगळं शहाणपणाचं. पुढे त्यांच्यातला द्राक्षवाला जागा झाला. बागेत वेलींच्या मांडवाची तार ते अंगठ्याने दाबून बघायचे, दबली नाही म्हणजे पक्की. बासच्या जाड तारेलाही त्यांनी तोच न्याय लावला आणि पांढरी दोनच्या स्वरापर्यंत ताणली. दुसऱ्या दिवशी दांडा धनुष्यासारखा वाकला होता, तारा इतक्या वर उचललेल्या की बोट टेकेना. कार्यक्रमाला बारा दिवस राहिलेले. मी घाबरून मखमलाबादला गेले, तर दत्तूभाऊ ओसरीवर बास मांडीवर घेऊन स्वतःवरच हसत बसलेले.

"मांडवाची अक्कल हितं चालवली," म्हणाले. "ताई, ही तार जाड असती ती ताणायला नाय. सैल सोडली तरी खडखडू नये, म्हणून जाड."

आणि त्यांनी चारही तारा सैल करत उतरवल्या, जाड तार पार खालच्या सप्तकातल्या पांढरी सातपर्यंत, म्हणजे मला लागत होतं त्याच्याही खाली. दांडा सरळ झाला. पण आता प्रत्येक स्वराची जागा एका तारेने सरकली होती. पंधरा वर्षांची बोटांची सवय मोडायची, शंभरावर गाणी नव्याने बसवायची, आणि तीही छाटणीच्या ऐन घाईत. का, तर एका बाईचा गळा तीन पट्ट्या खाली गेला म्हणून. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये बसून ते बोटं फिरवायचे. शोभावहिनी म्हणायच्या, "जेवताना बी ताटावर बोटं नाचत्यात."

चांदवडला मी पहिलं गाणं धरलं आणि मागून तो सा आला... कानांच्या आधी पायाच्या तळव्यांना कळला. इतका खालचा, इतका स्वच्छ. ऑपरेशननंतर माझा आवाज मला पहिल्यांदा पडलेला वाटला नाही, भारदस्त वाटला. टाळ्या मला मिळाल्या. अण्णा परतताना गाडीत म्हणाले, "या पट्टीतच शोभता तुम्ही," जणू कल्पना त्यांचीच. दत्तूभाऊ मागच्या सीटवर शेंगा सोलत होते. त्यानंतर ऑर्केस्ट्रा बंद पडेपर्यंत, नऊ वर्षं मी गायले आणि त्या बासवर कायम त्याच जाड तारा राहिल्या.

परवा शोभावहिनींनी बोलावलं म्हणून गेले होते. बास खुंटीवर आहे तसाच. वहिनींनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढे केला. "ह्या कशाच्या वं ताई? मला कधी फेकू दिल्या नाय." आत बारीक तारांची वेटोळी होती, एकही न वापरलेली. दर वेळी पाच तारांचा सेट आणून बाजूला ठेवलेली ती पाचवी. मी विचारलं, कशाला ठेवल्या होत्या, काही बोलले होते का? वहिनी म्हणाल्या, "म्हणायचे, राहू दे. ताईंचा आवाज परत वर गेला, तर लागतील."

नऊ वर्षं माझ्या मागे उभे राहून हे मला एकदाही बोलले नाहीत.

दत्तूभाऊ, आवाज काही वर गेला नाही. मी उठून खुंटीवरच्या बासची जाड तार तुमच्यासारखी अंगठ्याने दाबून बघितली आणि सोडली. बागेकडचं दार उघडं होतं. ती सैल तार बराच वेळ वाजत राहिली, जराही खडखडली नाही. मग वहिनींनी सांगितलं म्हणून मी तिथेच, पांढरी दोनमध्ये, एक गाणं म्हटलं.