न लिहिलेलं शिफारसपत्र

‘सर, आई गेली...’ नलूताईंच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात लेकीकडे होतो. रोडपालीला त्यांच्या घरी पोचलो तो थेट तेराव्याला.

नलिनी घरत, आमच्या सगळ्यांच्या नलूताई, पनवेलच्या आमच्या कॉलेजात क्लार्क होत्या. फॉर्म घेण्याच्या खिडकीमागेच त्यांची सगळी नोकरी झाली. मी गणित शिकवायचो. बारावीची मुलं माझ्याकडे मार्क घेऊन यायची, ‘सर, चान्स आहे का?’ विचारायची. मोठ्या संस्थांचे मागचे कटऑफ मला तोंडपाठ असत. इथे होईल, तिथे विसर, असं मी सांगायचो. अंदाज सहसा चुकत नसे, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

हेमलता ओवे गावापलीकडच्या डोंगरवाडीतून यायची. आईवडील वीटभट्टीवर कामाला. विज्ञानाच्या एका नामवंत संस्थेत तिला जायचं होतं. तिथे देशभरातून मोजकीच मुलं घेत, आणि फॉर्मसोबत शिक्षकाचं शिफारसपत्र लागे. ‘उद्या देतो,’ मी म्हणालो. पण आमच्याकडून तिथे आजवर कुणी गेलेलं नव्हतं, हिचं इंग्रजीही कच्चं... माझा उद्या पुढे पुढे सरकत राहिला.

शेवटी नलूताईच स्टाफरूममध्ये आल्या. एरवी ऑफिसात शुद्ध बोलणाऱ्या ताई चिडल्या की घरच्या बोलीवर येत.

‘सर, पत्र नाय लिवलं अजून?’

‘ताई, तिचा तिथे निभाव लागणार नाही. उगाच आशा कशाला लावायची?’

‘व्हईल का नाय, ते तिनं कुटं इचारलंय? पत्र मागलंय तिनं.’

‘तुम्ही फॉर्म तपासा. चान्स मी बघतो.’

त्या निघून गेल्या. मुदत टळली. हेमलतानं इथेच बीएस्सीला प्रवेश घेतला. तिनं मला कधी जाब विचारला नाही, तेव्हा तिलाही पटलं असेल, असं मी सोयीनं समजून घेतलं. नलूताईंबरोबर पुढे कितीतरी वर्षं चहा घेतला, पण त्या विषयावर त्या बोलल्या नाहीत आणि मीही नाही.

तेराव्याला अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. एक बाई येऊन माझ्या पाया पडली. हेमलता! करंजाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवते म्हणाली, आणि एकदम तिचे डोळे भरून आले.

‘सर, मी ताईंशी बोलणंच टाकलं होतं. तुमचं पत्र त्यांच्या हातून हरवलं ना, तेव्हापासून.’

‘हरवलं? कोण म्हणालं?’

‘त्याच. हात जोडले माझ्यापुढे. म्हणाल्या, बाय, माझी चूक झाली. पण सरांनी तुझ्याबद्दल फार चांगलं लिहिलं होतं, मी वाचलंय... सर, त्या एका वाक्यावर मी एमएस्सीपर्यंत शिकले. त्यांना मात्र माफ केलं नाही. समोर आल्या की मान वळवायचे.’

गप्प राहणं सोपं होतं. इतकी वर्षं मी तेच केलं होतं.

‘हेमा, पत्र हरवलं नव्हतं. मी ते लिहिलंच नव्हतं.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. का, असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होतो, मला माहीत नाही. ती उठली, घरात गेली आणि ताईंच्या फोटोसमोर जमिनीवर बसली.

मी निघालो तेव्हाही ती तिथेच होती. दारातून तिची पाठ तेवढी दिसत होती.