पाठीमागचे अंगठे

कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. चारही कोपऱ्यांनी, घट्ट. मी कपाळाला हात लावला.

"मजबूत झाला ना भाऊ?" दादाराव खुशीत म्हणाले. "घरचीच खळ लावली. गव्हाच्या पिठाची."

सत्तरच्या दशकात कारंज्याला माझं एन्ग्रेव्हिंगचं, धातूवर कोरीवकामाचं, दुकान होतं. दादाराव कामरगावच्या विहार कमिटीचे. छप्पनच्या दीक्षेनंतर वस्तीने विहार बांधायचा ठराव केला, तो हा कागद, खाली लोकांचे अंगठे. दर जयंतीला लोक त्याला हात लावून नमस्कार करत, त्यामुळे तो घड्यांवर फाटत चालला होता. मीच सुचवलं, तांब्याच्या पत्र्यावर हुबेहूब पण उलटं कोरू, शाई भरून छाप काढू. लोकांनी छाप हाताळावा, अस्सल कागद पेटीत राहावा. "फक्त सांभाळून आणा," म्हणालो होतो. त्यांनी जिवापाड सांभाळला!

सोबत गिरजाबाई होत्या, सत्तरीच्या. त्यांनी विचारलं, "माह्या मालकाचा अंगठा कुठी हाये?"

दादारावांचा चेहरा उतरला. "तो मांगच्या बाजूनं होता, माय."

पुढच्या बाजूला जागा संपल्यावर अकरा जणांनी पाठीमागे अंगठे दिले होते. गिरजाबाईंच्या यजमानांचा फोटो कधी निघालाच नाही. जगात त्यांची खूण म्हणून तेवढाच ठसा होता.

"भिजवून काहाडा ना भाऊ," गिरजाबाई म्हणाल्या.

स्टॅम्पपॅडची शाई पाण्याने पसरते. तरी माझ्याने नाही म्हणवेना. ओला टिपकागद ठेवून एक कोपरा सोडवला. खाली नुसता जांभळा डाग. खळ लावतानाच सगळं संपलं होतं. मला रडू फुटायचं बाकी राहिलं. दादारावांवर ओरडावं तरी कसं?

पुढच्या बाजूच्या ठशांच्या कडा ओलाव्याने फुटल्या होत्या, पण रेषा दिसत होत्या. तेवढं कोरायला दीड महिना गेला.

पहिला छाप पाहायला गिरजाबाई पुन्हा आल्या. "मांगून माहा अंगठा घ्या न, त्याइच्या जागी."

"माय, नक्कल म्हणजे होतं तसंच. खोटा ठसा नाही चालत."

त्यांनी छाप उलटून पाहिला. कोरा कागद. त्यावर बोट फिरवलं, छाप टेबलावर ठेवला आणि स्टँडकडे निघाल्या.

कमिटीने माझा सत्कार केला. काम घेण्याआधी कागद जागेवर जाऊन दोन्ही बाजूंनी पाहावा, हा धडा मला त्या दिवशी मिळाला. कामरगाव काही लांब नव्हतं, रोज एसटी जात होती.